माप

चाळीस वर्षं मी बायकांचे हात धरतो.
धंदाच तसा.
अंगठा आत दुमडायचा, पंजा हलके दाबायचा
आणि बांगडी सरकताना बोलत राहायचं काहीतरी,
केळीचा भाव, कुणाच्या पोरीची सोयरीक,
म्हणजे हाडाला कळत नाही.

यावलच्या पुढे भंगाळ्यांच्या घरी लग्न होतं.
ओट्यावर सतरंजी, पेटी उघडी,
आत खापरावर मांडे चाललेले.
सुरतेला वाढलेली जिनल पुढ्यात बसली.
मी सवयीनं हात पुढे केला.
तिनं तिचा मागे घेतला, ओढणीखाली.
म्हणाली, "काका, मी स्वतः घालू?"

काय हशा पिकला!
"कासाराची काय लाज व माय,
तो तं बापासारखा."
"धर रे दादा, अशाच करतात पोरी."
कुणीतरी तिचं मनगट धरून माझ्यापुढे आणलंही.
मनगट लहान, सव्वादोनचं,
आणि मूठ घट्ट.

ही मूठ मी आधी पाहिलेली आहे.
किती वेळा, ते सांगत नाही.
हसत हसत उघडलेली आहे, एकेक बोट करून.
काच लागून रक्त आलं, तेव्हा वर शिकवलंय,
"फुटली म्हणू नये बाई, वाढली म्हणावं."

म्हटलं, सोडा तिला.
साबणाच्या पाण्याची वाटी तिच्याकडे सरकवली,
डझनभर हिरव्या सतरंजीवर ठेवल्या
आणि पेटीतलं उगाच आवरत बसलो.
तिला वेळ लागला. दोन वाढल्या.
त्या माझ्या खाती.

पुढच्या बाईला विचारलं, "धरू का हात?"
ती पदर तोंडाला लावून हसली,
"आज काय झालं रे तुले?"
तिच्यामागचीही हसली.
नव्या चपलेसारखा
शब्द चावत होता मला.

शेवटी द्वारकाबाई.
तिच्या लग्नाचा चुडा माझ्या बापानं भरला,
नंतरचे सगळे मी.
डोळे मिटून सांगेन तिचं माप.
"धरू का?"
ती हसली नाही.
हाताकडे बघत बसली, पालथा, मग उताणा,
जणू कुणी ठेवायला दिलाय.
आतून हाक आली, तरी उठली नाही.
मग म्हणाली,
"नको रे भाऊ. आज ऱ्हाऊ दे."

तिच्यासाठी काढलेल्या
परत दोरीत ओवल्या.
एक कमी भरली.
पुन्हा मोजल्या.
विचारलं नाही.