भाडेपावती

वाचनालयातून आणलेली ही कादंबरी
मी चौथ्यांदा वाचते आहे. पुठ्ठा सुटलेला,
एकशेबारावं पान कुणीतरी फाडून नेलेलं.
त्यातला नायक (नायकच म्हणायचं,
पहिली दीडशे पानं तोच तर बोलतो)
तिच्या डोळ्यांना तळं म्हणतो
आणि जिना उतरताना कारकुनाला विचारतो,
तळ्याभोवतीची जमीन कुणाच्या नावावर आहे?

समासात शिसपेन्सिलीनं, बारीक बायकी अक्षर:
‘मेल्या, आधी तळं तरी नीट बघ.’

मी हसले. मग टिपणीस आठवले.

टिपणीस शनिवारी यायचे. अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की
बोरीबंदरहून पायी, बसचे पैसे वाचवून,
हातात सोनचाफ्याची पुडी.
फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत
ते असे बसायचे
की चहा येईपर्यंत फरशा मोजून व्हाव्यात.
एकदा पाण्याचा पेला परत देताना
बोटाच्या पेरानं त्यांनी भिंतीवर टकटक केली.
म्हणाले, ‘अस्सल. हल्ली असं मिळत नाही.’
मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलताहेत.
आठवडाभर मी अस्सल होते.
चोळ्यांचे काज नव्यानं शिवले,
दादाच्या ताटात दोनदा मीठ वाढलं.

चौपाटीवर, कुल्फी संपत आली तेव्हा,
समुद्राकडे बघत त्यांनी विचारलं,
‘पावती अजून आजोबांच्याच नावानं फाटते का हो?’
आवाज इतका मऊ
की प्रश्न कळायला मला एक लाट लागली.

मी म्हटलं, ‘नाही.
गेल्या महिन्यातच दादाच्या नावावर झाली.’

खोटं होतं.
दादाला बडोद्याची नोकरी आणि बडोद्याचीच मुलगी मिळाली होती,
आणि बाबांनी मालकाच्या मेहत्याला पेढे देऊन
माझं नाव लावायला सांगितलं होतं.
का बोलले, ठाऊक नाही.
जीभ सरळ पुढे गेली, मी मागे राहिले.

टिपणिसांनी रुमालानं एकेक बोट पुसलं.
कुल्फीचे पैसे दिले. बाबांची तब्येत विचारली.
पुढच्या शनिवारी संप नव्हता, सुटी नव्हती.
आई म्हणाली, ताप आला असेल.
त्याच्या पुढच्या शनिवारी
तिनं ताप हा शब्द काढला नाही.

वर्षानुवर्षं ही गोष्ट मी अशीच सांगत आले.
सगळ्याजणी च्च च्च करायच्या, आणि ते मला आवडायचं.

जे कधी सांगितलं नाही ते असं:
त्यांच्या पहिल्या शनिवारच्या आधी
मी मावशीकडून त्यांचा पगार काढून घेतला होता.
बेसिक, महागाई भत्ता,
आणि भायखळ्याचं क्वार्टर कितव्या वर्षी मिळतं तेही.
क्वार्टरला आतून संडास होता.
पहाटे टमरेल घेऊन
गॅलरीच्या टोकाला सातवी उभी असताना
मी त्यांचा चेहरा आठवायची.
खरं तर चेहरा नाही.
आतून लागणारी कडी आठवायची.

आता फणसवाडीत आमच्या जागी टॉवर आहे.
अठराव्या मजल्यावर, चारशे पाच चौरस फूट,
करारनाम्यावर माझं एकटीचं नाव,
आणि संडास दोन. एकटीला दोन.
ताबा मिळाला त्या दिवशी
बिल्डरचा माणूस लिफ्टशी जाईपर्यंत थांबले
आणि पेरानं भिंतीवर टकटक केली.
पोकळ वाजली.
कुणाला सांगावं असं वाटलं,
आणि त्या क्षणी एकच नाव सुचलं.

कादंबरीत एकशेअकराव्या पानावर तो तिच्या दारात आहे.
एकशेतेराव्यावर ती आरशापुढे कुड्या काढते आहे,
दिवा विझवलेला.
मधे कोण काय बोललं, ते फाडणारीला ठाऊक.
मी पेन्सिल घेतली. त्या बारीक अक्षराखाली लिहिलं,
‘तिनं काय विचारलं होतं?’
मग खोडलं. खुणा राहिल्या.

मंगळवारी परत करायची आहे.
उशीर झाला तर दिवसाला दोन रुपये.