पावती

वेळूच्या नळीत जपलेली आज्याची पावती
मी धडगावच्या टेबलावर उलगडली.
सन एकोणीसशे एकतीस.
राखीव जंगलात नांगर घातला, दंड रुपये दोन.
शिक्का सरकारचा, अंगठा रेहज्याचा.

त्या दोन रुपयांपायी
आजीच्या पायातलं कडं तळोद्याला गेलं.
ते तिकडंच राहिलं.

आता हाच गुन्हा आमचा पुरावा.
नांगर घातला, म्हणजे होतो ना आम्ही इथं?

बाबू चष्मा कपाळावर चढवतो.
"यात रेज्या आहे, दाव्यात रेहज्या.
माणूस एकच, कशावरून?"

मी ठशावर बोट ठेवतो.
मधोमध आडवी पांढरी रेघ,
विळा लागला होता त्याला,
भगर कापताना.

बाबू वाकून बघतो. बराच वेळ.
मग शाईची डबी माझ्यापुढं सरकवतो.

सही येते मला,
मी म्हणतो.