बाणाच्या आत

सोहार बंदराच्या तिसऱ्या मजल्यावर
मी फळ्यावर चौकटी काढते.
ही ब्राउझरची, ही सर्व्हरची,
ही जुन्या कस्टम्सची, जिच्यात डोकवायला कुणी धजत नाही.
डेटाबेसला पिंप काढायची रीत आहे.
मग बाण.
बाण सोपे. मार्कर ओढला की झालं.

एकच बाण नीट वागत नव्हता,
बंदराकडून कस्टम्सकडे जाणारा.
शुक्रवारी साडेबारा ते दोन त्यातून काही म्हणजे काही जायचं नाही.
वर्षातला एक महिना तो तिन्हीसांजेला अडायचा,
आणि तो महिना दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकायचा.
'टाइमझोनचा घोळ' असं आधीची कंपनी लिहून गेली होती.
मीही तीन रात्री लॉग उपसले.
खिडकीतून रोज बांग ऐकू येत होती,
तरी.

चौथ्या दिवशी केबलचा माग काढत तळमजल्यावर उतरले.
जनरेटरला लागून एक खोली. दोन मॉनिटर,
मध्ये स्टीलचा डबा,
आणि दाऊदचाचा पांगारकर, हर्णैचे.
डावीकडचं वाचायचं, उजवीकडे टाइप करायचं.
एकोणीस वर्षं.
"चार अक्षरं, सात आकडे. शेवटचा आकडा चुकला
तर मला आधीच वास येतो, बाय.
सुरमई शिळी हाय हे कळायला ती कापावी लागते काय?"
आजारी पडलात तर?
"तर कंटेनर थांबतो,"
हवामान सांगावं तसं म्हणाले,
आणि डब्यातलं सांदण माझ्यापुढे सरकवलं.

वर आले. फळा होता तसाच.
आमच्यात माणूस काढतात तो काड्यांचा,
गोल डोकं, पाच रेघा,
आणि कायम चौकटींच्या बाहेर, डाव्या कडेला.
बाणाच्या आत बसलेल्या माणसाची
खूणच नाही कुठल्या पुस्तकात.

नव्या आराखड्यात तो बाण चाळीस मिलिसेकंदांचा आहे.
तेवढ्यात डब्याचं झाकणही निघत नाही.
हे मीच मोजलंय, मीच सुचवलंय,
सहीही माझीच.

रविवारी सादरीकरण.
जुन्या चित्रातल्या त्या बाणावर मी बारीक अक्षरात
लिहून ठेवलं होतं: दा. पां.
खमीस बलुशीने चष्मा वर केला.
हा कुठला प्रोटोकॉल?

जुना आहे, मी म्हटलं.
शुक्रवारी जरा थांबतो.