सोळा आणे

लश्करात गल्लीला ओळी म्हणतात.
दाणाओळी, डिडवाना ओळी.
माझ्या कामातही ओळीच :
दौलतगंजच्या पॅथॉलॉजीत आलेल्या माणसांच्या,
आडनावांनी लावलेल्या,
सोळा-सोळा किलोबाइटच्या पानांत
मांडीला मांडी लावून बसलेल्या.

पान सोळाचंच. एक ओळ हवी असो की शंभर,
डिस्कवरून उचललं जातं अख्खं पान.
दाणाओळीत पाव किलो डाळ मागावी
आणि मापाऱ्यानं पोतंच काट्यावर चढवावं, तसं.

झाडाच्या वरच्या फांद्यांवर नुसत्या पाट्या :
क इकडे, ख पुढे.
माणसं सगळी शेवटच्या पानांवर,
आणि प्रत्येक पानाला
शेजारच्या पानाचा पत्ता पाठ.

डिसेंबरात बन्सलशेठ म्हणाले,
"मॅडमजी, इतना खाली क्यों छोड़ा है?
किराया तो पूरे का लगता है."
पान पंधरा आणे भरायचं, एक आणा सोडायचा,
असा जुना शिरस्ता.
मी रात्री बसून सगळं नव्यानं रचलं.
सोळा आणे. सुई शिरणार नाही.
घरी जाताना इंदरगंजच्या चौकात
स्वतःलाच गजक खाऊ घातली.

सकाळी साडेसातला, उपाशीपोटी,
मुरारहून रक्त द्यायला आल्या कुशावर्ता खाडे.
खाजगीवाले आणि खापर्डे यांच्या मध्ये
जागा नव्हती.

पान दुभंगलं.
अर्धी माणसं तिथे, अर्धी नव्या पानावर,
शेजाऱ्यांचे पत्ते बदलले,
वरची पाटी पुन्हा लिहावी लागली.
एका बाईसाठी पन्नास बिऱ्हाडं हलली.
मग तोमर आले. मग पानसे. मग राजौरिया, तान्ह्या मुलासकट.
पंधरवड्यात पानोपानी फाटाफूट,
आणि जिथे सुई शिरत नव्हती
तिथे अर्धं अर्धं अंगण ओसाड.
गच्च भरलं, म्हणूनच रिकामं झालं.
भाडं जवळजवळ दुप्पट.

पावती क्रमांकाचं बरं असतं.
तो नेहमी शेवटीच येतो, मागे वळत नाही.
त्याचं पान काठोकाठ भरा, मिटा, विसरा.
नाव मात्र कधीही मधेच उगवतं,
दोन सख्ख्या शेजाऱ्यांमध्ये
सतरंजी अंथरायला जागा मागतं.

परत सगळं उपसलं.
पावत्यांना सोळा आणे, नावांना बारा.
शेठना कारण लिहून दिलं. त्यांनी वाचलं नाही,
चष्मा पुसला, भाडं भरलं.

रात्रपाळीत कधी एखादं पान उघडून
मी त्याचा कोरा भाग बघत बसते.
त्यात काही नाही. नुसती शून्यं.
खाडे आणि खापर्डे यांच्या मधलं कुणीतरी
अजून झोपलेलं असेल,
किंवा पडावच्या पुलावर टेम्पोत,
रात्रीपासून काही न खाता,
एक बाही आधीच वर सारून.