रुमाल

औलूत जानेवारीत तीनलाच दिवे लागतात.
माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल म्हणजे आज खिंड,
मिठाची बरणी म्हणजे पडका बुरूज,
आणि काळ्या खारट गोळ्या म्हणजे शत्रू:
मेला की ज्यानं मारला त्यानं तो खायचा,
असा आमचा अकरा वर्षांचा नियम.

ओर्वा मात्र बटण आहे.
माझ्या जुन्या कोटाचं, हिरवं, चार भोकांचं.
तिनं तीन गावांची कोठारं जाळली.
ती ज्याचं नाव उच्चारते तो तिचा होतो,
स्वतःच्याच पोरावर सुरी उचलतो.
म्हणून पकडल्या पकडल्या योउनीनं
तिच्या तोंडात बोळा कोंबला.
खेळ मी चालवते, म्हणजे ओर्वाही मीच,
तेव्हा मीही लोकरी रुमाल तोंडावर बांधला.
आधी हसले सगळे.

योउनी ओंडक्यांचा ट्रक चालवतो, बोलतो कमी.
म्हणाला, "संपवा.
मागे त्या चोराला सोडलं आपण,
पुलावर परत आला. माझा भाऊ गेला."
भाऊ खोटा, पेन्सिलीनं लिहिलेला,
सहा ओळींचा. पण योउनीचा आवाज
त्या पेन्सिलीच्या पलीकडून कुठून तरी आला.

आर्टोनं हिशोब मांडला:
शहर चार दिवसांवर, भाकरी तीन दिवसांची,
पहारा कोण देणार, झोप कोणाची मोडणार.
"न्याय बर्फातून ओढत न्यावा लागतो," म्हणाला,
"आणि आपल्यातले दोघं आधीच लंगडतायत."
हिल्क्कानं तिच्या देवीची शपथ घेतलीय:
हत्यार खाली ठेवलेल्यावर वार नाही.
"हत्यार तिच्या तोंडात आहे," योउनी.
"मग जीभ कापू," आर्टो म्हणाला,
आणि आपण काय बोललो ते ऐकून
बराच वेळ चष्मा पुसत बसला.

मी गप्प.
लोकर ओठांना टोचत होती, श्वासानं ओली.
ज्यांच्या लग्नात मी नाचले,
ज्यांच्या घरांच्या किल्ल्या माझ्या खुंटीला आहेत,
ते माझ्याकडे न बघता
माझ्याबद्दल बोलत होते.
झाड ठरलं. दोरी किती लागेल तेही.
कोणीतरी वेलचीच्या पावाचा तुकडा मोडला.
वाटलं, हे खरोखरीच असे वागतील का;
मग वाटलं, मी कशी वागले असते;
मग नळाचं ठिबकणं ऐकत राहिले.

दोन विरुद्ध एक. वेन्ला उरली,
हिल्क्काची मुलगी, तेरा वर्षांची,
खेळायला तिसऱ्यांदाच बसलेली.
तिची टुइरे नावाची मेंढपाळ पोरगी,
जवळ एक गोफण, एक पाण्याचा बुधला, बस.
म्हणाली, "हिला पकडून किती दिवस झाले?"
तीन, मी बोटांनी दाखवले.
"मग ही पाणी कधी प्यायली?"

कोणाच्याच कागदावर ते नव्हतं.
माझ्याही.

"काय ते ठरवा तुम्ही," ती उठली. "आधी पाणी."
नळाखाली पेला धरला, खराखुरा,
आणि माझ्या मागे येऊन
रुमालाची गाठ सोडू लागली.
"टुइरे, थांब!" योउनी ओरडला,
आणि जीभ चावली त्यानं,
पण नाव आता ओर्वाच्या कानात होतं.

माझ्या वहीत, पान चौदावर,
आठवड्यापूर्वीच लाल शाईनं लिहिलंय:
बोळा निघताक्षणी ओर्वा नाव घेते.
फासे टाकायचे नाहीत.

पेला गार. पाण्याला किंचित लोखंडाची चव.
मी प्यायले, हनुवटीवरून ओघळलं.
चौघं माझ्या ओठांकडे बघत होते.
बाहेर बर्फ खरवडणारी गाडी गेली,
काचा थरथरल्या, बटण जरासं सरकलं.
वेन्लानं विचारलं, "अजून देऊ?"

नाव जिभेवर होतं.
मी रिकामा पेला पुढे केला.