मधली चित्रं

जानेवारीत फोन आला. कुणी मुलगी म्हणाली,
कपितोलिना अर्काद्येव्हना, स्टुडिओ पुन्हा सुरू होतोय,
तुम्ही अजून आहात ना?
आहे, म्हटलं. गॅसवर बटाटे आहेत, पण आहे.

एकोणतीस वर्षं मी करकोच्यांचे पाय उचलले.
मोठे चित्रकार पहिलं चित्र काढायचे: पाय खाली.
मग शेवटचं: पाय वर.
आणि सिगरेट ओढायला जिन्यात जायचे.
मधली अकरा माझी.
पडद्यावर ज्याला चालणं म्हणतात
ते सगळं त्या अकरांत असतं.
शेवटी नावं सरकतात, तेव्हा लोक कोट शोधत असतात.

जुनी जागा चर्चमधली. घुमटाखाली टेबलं,
भिंतीवरच्या संतांवर चुन्याचा जाड हात.
थंडीत पोपडे निघायचे
आणि एखादा डोळा आमच्या रेघांवर नजर ठेवायचा.

रंगात मध असायचा, तडे जाऊ नयेत म्हणून.
रिम्मा ब्रशला ओठांत टोक काढायची,
म्हणायची, आज निळा जरा गोड आहे.
सतराव्या बरणीतला निळा.
तसा निळा मी आभाळातही पाहिला नाही,
मॉस्कोत आभाळ तसंही जपूनच दाखवतात.

मग एका वर्षी पगारात मोज्यांचे गठ्ठे मिळाले.
मेट्रोच्या तोंडाशी उभी राहून ते विकले.
रिम्मा हैफाला गेली, पत्रात उकाड्याबद्दल लिहायची.
सेल्युलॉइडचे ताव कुणी किलोवर नेले;
उरले ते रखवालदाराच्या पोरांनी बाहेर काढले
आणि बुडाखाली घेऊन
बर्फाच्या उतारावरून घसरत सुटली.
माझा पोस्टमन, माझी राजकन्या, तिची बकरी.
उतारभर तांबडे-हिरवे ओरखडे.
मी पिशव्या हातात घेऊन पाहत राहिले.
ओरडायला हवं होतं.
पण पोरं हसत होती,
आणि काढलं होतं तेही पोरांसाठीच.

राहिलेलं उंदरांचं. मधाच्या वासाने
करकोच्याची चोच खाल्ली,
पाय मात्र तसेच ठेवले.

आता काचेची इमारत. दाराला कार्ड टेकवायचं,
दार ओळखतं की नाही याची वाट बघायची.
इल्नूर काझानचा, कानात बाळी,
मला एबी म्हणतो. त्यांच्यात आजीला म्हणतात.
एबी, पहिलं आणि शेवटचं चित्र दिलं
की मधली सगळी मशीन काढतं.
आणि काढलीही. चष्मा पुसेपर्यंत अकरा तयार.
करकोचा पाय उचलतो,
लिफ्टचं दार उघडावं तसा.

काय चुकलं?
मी म्हटलं, त्याला शंका आली नाही.
दलदलीतला पक्षी पाय काढण्याआधी
दुसऱ्या पायाला विचारतो.
चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये एक जास्तीचं घाल.
जवळजवळ चौथ्यासारखंच,
फक्त गुडघा केसभर मागे.

त्याने पेन माझ्या हातात दिलं.
शाईचा वास नाही, कागदाची खरखर नाही.
माझा हात थरथरतो; पडदा लगेच
रेघ सरळ करून देतो, आगाऊ मुलासारखा.
ते बंद कर, म्हटलं.
बंद करता येतं हे त्याला शोधावं लागलं.

प्रवेशद्वारात पितळी पाटी लावलीय.
स्थापना, अमुक साल. पुनरारंभ, तमुक.
पाय खाली. पाय वर.
तिच्यासमोर मी रोज कोटाची बटणं काढते,
अकराच आहेत, मोजलीत.

गेल्या आठवड्यात खोक्यात सतरावी बरणी सापडली.
तळाशी नखाएवढी वाळकी खपली.
इल्नूर तिला मशीनखाली धरून
त्या निळ्याचा आकडा काढायला निघाला होता.
थांब रे.
मी बोट ओलं केलं, तळाला घासलं, जिभेवर ठेवलं.
मग बरणी त्याच्यापुढे धरली.
एबी, विषारी असेल हे!
असेल, म्हटलं. चाख.