व्लास्ताबाईंचा फोटो

दुकान सहाला उघडायचं, अकराला बंद.
मधे सिगारेटी, कांदे, बियर, मोजे,
आणि काउंटरखाली केळ्यांच्या खोक्यात तू.
आठ महिन्यांची झालीस तेव्हा वरच्या मजल्यावरच्या
व्लास्ताबाईंना मी बोटांनी आकडा दाखवला:
महिन्याला तीन हजार.
त्यांनी माझं एक बोट मिटवलं.

कापड शिवायला टाकावं तशी तुला टाकली.
माप मात्र त्यांनी त्यांचंच घेतलं.

रविवारी उतरायचीस ती बुटांना जंगल लावून.
कुठलं अळंबं खायचं, कुठलं विषारी,
देठ कापायचा की मुरगळायचा,
भराभरा चेकमध्ये सांगत सुटायचीस
आणि मी हो, हो म्हणत सुटे पैसे मोजायचे.

आमच्या बेन त्रेकडे 'मा'ला सहा सूर.
एका सुरात आई, एकात भूत,
एकात भाताचं रोप, एकात थडगं.
तू सगळे एकाच सपाट सुरात म्हणायचीस
आणि दरवेळी मीच ठरवायचे
आज आपण कोण.

तिसरीत होतीस. करखात्याच्या बाईंनी
काहीतरी कडक विचारलं,
तू ते माझ्यापर्यंत मऊ करून आणलंस.
दंड किती, ते कागद आल्यावर कळलं.

मार्चमध्ये व्लास्ताबाई गेल्या.
तू त्यांच्या भाषेत रडलीस.
रडण्यालाही भाषा असते, मला कुठे ठाऊक!

मागच्या खोलीतली फळी पुसली,
तुझ्या आजोबांचा फोटो जरा सरकवला.
शेजारी व्लास्ताबाई, भुवया वर,
शिळा पाव खपवताना मला पकडल्यासारख्या.
उदबत्ती लावली. भात, वर माशाचा सॉस.

या फळीपुढे कधी हात न जोडलेली तू
दारातूनच म्हणालीस, "हे त्या खाणार नाहीत."
तासाभराने आलीस ताटली घेऊन:
आलुबुखार भरलेले गोळे, खसखस, वितळलेलं लोणी.
एक घरंगळत आजोबांच्या भातात गेला.
राहू दे, म्हटलं.

आता बोलायचं कसं? मला येतात ते भाव,
पिशवी हवी का, आणि धन्यवाद.
म्हटलं, त्रुक, तू सांग त्यांना.
"काय सांगू?"

उदबत्तीची राख वाकली होती, पडत नव्हती.
बाहेर काउंटरवर कुणी नाणं वाजवत होतं.

सांग, ते मिटवलेलं बोट माझ्या लक्षात आहे.

एवढंच म्हणाले मी.
तू कितीतरी वेळ बोलत राहिलीस.